एका टाकीत आठवडा

भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, आवाज खाली ठेवायचा, आणि काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला सांगायचं. तो त्यांना सांगेल. मग ते समोरच्याच खाटेवर बसलेले का असेनात. तेही माझ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याकडे तोंड करून 'तिले सांग' म्हणतात आणि मी तिथंच उभी राहून सगळं ऐकते. आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर लोखंडाचा दगड वाहणाऱ्या ट्रकांच्या मधून मी पिकअप काढते, त्या ड्रायव्हरांना खिडकीतून मोजून शिव्या घालते, पण घरी आले की माझं बोलणं नवऱ्याच्या तोंडातून जातं. आणि ते तोंड असं की दहा शब्द आत गेले तर दोन बाहेर येतात, तेही साखर लावून.

मासोळीची क्रेट उतरवताना नवऱ्याची कंबर गेली, तेव्हापासून गाडी मी चालवते. आमचं गाव सावलीकडचं, तलावाच्या काठचं. तलावातली ताजी मासोळी जवळच्या बाजारांत खपते. पण आमच्या बाया झिंगे आणि बारीक मासोळी वाळवतात, तिला खरं गिऱ्हाईक आहे ते आलापल्लीच्या पुढं, हेमलकशाच्या वाटेवरच्या जंगलातल्या बुधवारच्या बाजारात. तिथले लोक वाळल्या मासोळीची वाट पाहतात. पोतं उघडलं की वास घेतात, दोन झिंगे तोंडात टाकतात आणि मगच बोलतात. आमच्या आळीतल्या सगळ्या बायांचं वाळवण माझ्या गाडीवर जातं. हा बाजार सुटला तर त्यांनी झिंगे वाळवायचे कोणासाठी?

गाडी भासऱ्यांच्या नावावर. डिझेलही तेच भरून देतात, सोमवारी सकाळी, त्यांच्या ओळखीच्या पंपावर. एका सोमवारी ते खाटेवर बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, हप्त्याले एक टाकी. एकाच टाकीत जेवढं फिराचं तेवढं फिर म्हणा. त्याच्यावर डिझेल मागतलं तं गाडी खाणीवर लावून देईन. कॅम्पात राशन-भाजी पोचवाले गाडी पायजे म्हणून तो ठेकेदाराचा माणूस कवापासून मांगं लागला हाय."

मी पदराआडून नवऱ्याला म्हटलं, "त्याहीले सांगा, रस्त्यात गुडघाभर खड्डे हाय. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते. डिझेल काय मी पेऊन राह्यली काय?"

नवरा भावाला म्हणाला, "ते म्हणते, पाहू."

पाहू! मी असं म्हटलं होतं? त्या दिवशी मी भाकरी अशा थापल्या की शेजारीण विचारायला आली.

एका टाकीत आठवडा पुरत नव्हता, हे भासऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. जवळचे बाजार करून मंगळवारपर्यंतच काटा अर्ध्याच्या खाली यायचा, आणि बुधवारच्या लांबच्या फेरीला उरलेलं पुरायचं नाही. म्हणजे न बोलता बुधवार बंद. हीच त्यांची हुशारी.

पण मीही डोंग्यात वाढलेली. माझा बाप एका लाकडाचा कोरलेला डोंगा चालवायचा. मी त्याच्यासोबत लहानपणापासून तलावात जायची. डोंग्याचं मागचं टोक फुटलं आणि बापानं तिथं सपाट फळी ठोकली, तेव्हा डोंगा एकदम जड झाला होता. पुढचं टोक तेच, माणसं तीच, पण मागं पाणी गोल गोल फिरायचं आणि डोंग्याला धरून ठेवायचं. वल्हं मारून माझे खांदे भरून यायचे. ते खांदे मला पिकअपच्या आरशात पाहताना आठवले. आष्टीकडून आले की हौद्यात लाल धूळ बसलेली असायची, आणि ती सगळ्यात जास्त कुठं? मागं उघडणाऱ्या फाळक्याला आतून आणि केबिनच्या पाठीला. म्हणजे वारा टपावरून हौद्यात पडतो, फाळक्यावर आपटतो आणि उलटा फिरतो. बापाच्या फळीमागचं पाणीच ते.

खात्री करायला मी जुन्या साडीच्या चिंध्या फाडल्या आणि हौद्यात जागोजागी बांधल्या. रिकामी गाडी गडचिरोलीच्या चांगल्या रस्त्यावर पळवली आणि केबिनच्या मागच्या काचेतून पाहिलं. टपावरच्या चिंध्या मागं उडत होत्या, तसं उडायलाच हवं. हौद्यातल्या चिंध्या पुढं उडत होत्या. गाडी पुढं, आणि चिंध्याही पुढं! मी गाडी कडेला घेतली आणि एकटीच हसले, मग राग आला. एवढे दिवस मी एक हौदाभर वारा ओढत होते आणि डिझेल कुठं जातं म्हणून बोलणी मात्र मी खात होते.

पहिलं काम टपावरच्या पाटीचं. केबिनवर भासऱ्यांनी भली मोठी पत्र्याची पाटी उभी केली होती. तिच्यावर आडनाव, दोन बाजूंना दोन वाघ, आणि रात्री पेटणारे दिवे. ती सरळ वाऱ्याला छाती लावून उभी. मी पाना घेतला आणि ती खाली उतरवली.

भासरे आले, पाटी अंगणात पडलेली पाहिली. "तिले विचार, काऊन काढली?"

"सांगा, वारा अडवते."

"वारा अडवते म्हणते," नवरा म्हणाला. यावेळी त्यानं पूर्ण सांगितलं, कारण वाऱ्याचा कोणाला राग येत नाही.

"वारा दिसते काय तिले? त्या पाटीवर घराण्याचं नाव हाय!"

घराण्याचं नाव डिझेल पितं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते नवऱ्याला सांगितलंसुद्धा. त्यानं खोकला काढला आणि म्हणाला, "ते पुसून ठेवते म्हणते पाटी."

मग पुढच्या बंपरखाली पट्टा. चंद्रपूरला भंगारात कोळशाच्या खाणीतला जुना रबरी पट्टा मिळतो, कोळसा वाहून नेतात तो. तो कापून बंपरखाली आडवा लावला, म्हणजे वारा गाडीच्या पोटात शिरत नाही. पत्रा लावला असता तर आष्टीच्या पहिल्याच खड्ड्यात गेला असता. रबर मुडपतं आणि पुन्हा सरळ होतं. मग हौद्यावर ताडपत्री ओढून बांधली. ती ढोलासारखी वाजायला लागली, आणि चामोर्शीच्या पुढं एका बाजूनं फाटून उडाली. रस्त्यावरचे लोक हसले. हसा म्हटलं. बाई गाडी चालवते म्हणून हसतात, बाईची ताडपत्री उडाली म्हणून हसतात. त्यांना तेवढंच काम.

ताडपत्रीला आतून हाडं पाहिजेत, हे कळलं. गडचिरोलीच्या बाजारात बांबूचे तट्टे विणणाऱ्या एका बाईकडून घट्ट विणीचे तट्टे आणले आणि बांबूच्या जाड कामट्या वाकवून खाली सांगाडा केला. केबिनच्या टपाएवढी उंची पुढं, आणि तिथून हळूहळू उतरत मागच्या फाळक्यापर्यंत. उलटा ठेवलेला डोंगा. वरून ताडपत्री ताणली आणि सगळं दोरीनं बांधलं. गाठी बांधल्या त्या जाळ्याच्या. खिळा रस्त्यावर निसटतो, जाळ्याची गाठ निसटत नाही. त्या गाठी मला नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवल्या होत्या, तलावाच्या पाळीवर बसून. तो आता अंगणात उशीला टेकून मी बांधताना पाहत होता. एकदाच बोलला, "तो पदर उलटा घेतला तू." मी चिडून पाहिलं, मग दोरीचा पदर सुलटा घेतला.

चिंध्या पुन्हा बांधून पाहिल्या, आतून एक, बाहेरून बऱ्याच. बाहेरच्या सगळ्या मागं. आतली नुसती लटकलेली, वाराच नाही. एवढा आनंद मला दहावी पास झाले तेव्हाही झाला नव्हता. क्रेट तेवढ्या वेगळ्या लावाव्या लागल्या, पुढं उंच थप्पी, मागं एकेकच. पण झिंग्यांच्या पोत्यांवर लाल धूळ बसायची बंद झाली, हा फायदा तर मी धरलाच नव्हता.

सोमवारी टाकी भरली. भासरे हौद्यावरच्या बांबूच्या झाकणाकडे पाहून नवऱ्याला म्हणाले, "कोंबड्याचं खुराडं केलं गाडीचं." मी ऐकलं आणि निघाले.

मंगळवारी संध्याकाळी काटा अर्ध्याच्या वर होता. मी काचेवर टिचकी मारून पाहिली, काटा अडकला तर नाही ना. नव्हता अडकला. बुधवारी पहाटेच झिंगे भरले आणि निघाले.

आलापल्ली ओलांडून जंगलात शिरलं की जंगलखात्याचा नाका लागतो. नाक्यावरचा गार्ड नवा होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, झाकणावर हात फिरवला आणि म्हणाला, "बांबू हाय. पास दाखवा."

"हे झाकण हाय."

"झाकण कशाचं हाय?"

"बांबूचं."

"मंग?"

मी म्हटलं, "मंग तुमच्या नाक्यावरची खुर्ची कशाची हाय? तिचा पास हाय काय?" खुर्ची खरंच वेताची होती. त्यानं खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा तापला. मी थांबणार नव्हते. घरी गिळलेलं सगळं त्याच्यावर निघालं. म्हटलं, तट्टा बाजारातून आणलाय, सूप आणि टोपली आणतात तसा. सुपाला पास मागता का? ज्या ट्रकांनी रस्ता खाल्ला त्यांना कोणी हात दाखवत नाही, आणि वारा लागू नये म्हणून बाईनं तट्टा बांधला तर पास? त्यानं मोबाईलवर झाकणाचे फोटो काढले, पुढून, मागून, आणि म्हणाला, "वापस येतानी पाहतो मी तुमाले." पाहा म्हटलं.

बाजार चांगला झाला. परतताना नेहमीचंच चित्र. त्या वाटेवर रिकामी गाडी रिकामी जात नाही. बाजार उठला की माणसं कडेला उभी राहतात, हात करायचीही गरज नसते, गाडी थांबतेच. बस आली तर आली. मी तिथून रिकामी निघून आले असते तर पुढच्या बुधवारी माझ्या पोत्यात कोणी हात घातला नसता, आणि घालूही नये.

पण झाकण होतं. काढून ठेवलं तर परतीला डिझेल पुरणार नाही, काटा मला दिसत होता. मी खाली उतरून उभी राहिले. एक म्हातारा माडिया, दर बुधवारी माझ्याकडूनच झिंगे घेणारा, त्याला मी हातवारे करून सांगितलं, झाकण निघत नाही, वाऱ्यासाठी आहे. तो वाकला, फाळका खाली पाडून आत डोकावला. मग माडियात काहीतरी बोलला आणि सगळे हसले. तो आत सरपटला, पुढं उंच जागेत मांडी घालून बसला. त्याच्या मागं बाया, एक कोंबडीसकट, आणि मागं जागा कमी म्हणून बाकीचे चक्क आडवे झाले, मासोळीच्या वासाच्या क्रेटांच्या मधे. मी फाळका लावला. तोंडं दिसत नव्हती, नुसतं हसू ऐकू येत होतं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

नाक्यावर तोच गार्ड, खांद्याला पिशवी लावून रस्त्याच्या कडेला उभा. ड्युटी संपलेली, बस आलेली नव्हती. त्यानं गाडी ओळखली तेव्हा त्याचा हात अर्धा वर गेलेला होता, आता खाली घेता येईना.

"बाई, आलापल्लीपर्यंत सोडता काय?"

"पास दाखवा," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही. फाळका उघडून दिला. आतल्या लोकांनी त्याला पाहिलं, सरकून जागा केली, आणि पास मागणारा माणूस त्याच बांबूच्या खाली, कोंबडीच्या शेजारी, आडवा होऊन आलापल्लीला गेला. केबिन रिकामी होती. मी त्याला केबिनमध्ये बस म्हटलं नाही.

घरी पोचले तेव्हा टाकीत डिझेल शिल्लक होतं. पुढच्या आठवड्यातही पुरलं, आणि त्याच्या पुढच्याही. मी नवऱ्याला म्हटलं, "त्याहीले सांगा, एका टाकीत हप्ता झाला." त्यानं सांगितलं. भासऱ्यांनी गाडीजवळ जाऊन झाकण वाजवून पाहिलं. मला वाटलं, जिंकले. किती भोळी मी!

पुढल्या मंगळवारी दुपारी अंगणात एक माणूस खुर्चीवर बसलेला, हातात माझ्याच घरचा चहा. ठेकेदाराचा माणूस. आणि भासरे त्याला गाडी दाखवत होते. झाकणावर हात ठेवून, छाती काढून सांगत होते, "एवढं एव्हरेज तुमाले अख्ख्या जिल्ह्यात दिसनार नाई. एका टाकीत हप्ता! आमी बनवलं हे. धूळ नाई, पानी नाई, राशन भरा का भाजी भरा."

आमी बनवलं.

तो माणूस मान हलवत होता. त्याला आधी ही गाडी नुसती हवी होती. आता हीच हवी होती. मी गाडी चांगली केली म्हणून ती जाणार होती. वाईटच राहू दिली असती तर निदान भांडत तरी राहिले असते. उद्याच्या बाजाराचे झिंगे ओसरीवर भरून ठेवलेले, आळीतल्या बायांची पोती एकावर एक, आणि हे उद्या सकाळी गाडी घेऊन जायचं बोलत होते.

भासरे नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, चावी दे म्हणा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. सांगायला इतकं काही होतं की एकही शब्द निघेना. दातावर दात ठेवून मी उभी राहिले, पदराच्या टोकाला बांधलेली चावी मुठीत घट्ट धरून. नवऱ्यानं वाट पाहिली. मी काहीच बोलले नाही. पहिल्यांदाच त्याला माझ्याकडून काही निरोप मिळाला नाही.

तो उशीवरून उठला. त्याला उठायला कसा वेळ लागतो ते मला माहीत आहे. आधी एका बाजूला वळायचं, मग हातावर जोर, मग भिंत. भिंत धरत तो गाडीपर्यंत गेला, फाळक्यावर पाय ठेवला आणि हौद्याच्या काठावर चढला. कंबरेत कळ गेली असणार, चेहऱ्यावर दिसली. मग त्यानं पहिली गाठ सोडली.

"काय करून राह्यला बे?" भासरे म्हणाले.

त्यानं दुसरी सोडली. जाळ्याच्या गाठी त्या, माहीत असलेल्या बोटांना दोन झटक्यांत सुटतात. भासरे दुसऱ्या बाजूनं धावले, एक गाठ धरून पुन्हा आवळायला गेले, ओढली, उलटी ओढली. त्यांनी कित्येक वर्षांत जाळ्याला हात लावला नव्हता. नवऱ्यानं त्यांच्यासमोरच ती सोडली. मग ताडपत्री सरकली, तट्टे एकेक करून अंगणात पडले, सांगाडा कलंडला, आणि पिकअप पुन्हा होती तशी उघडी, फाळका वर करून उभी.

नवरा त्या माणसाला म्हणाला, "आता पेते ते डिझेल. पाह्यजे तं न्या. झाकन माह्या बायकोचं हाय, ते गाडीच्या कागदात नाई."

त्या माणसानं गाडीकडे पाहिलं, जमिनीवरच्या तट्ट्यांकडे पाहिलं, भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांना ते पुन्हा कसं बांधायचं हे त्यानं विचारलं, आणि भासऱ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवरा तलावाकडे पाहत बसला. "इचार करून सांगतो," म्हणून तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. भासरे त्याच्या मागं गेले. जाताना नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग…" आणि पुढचं बोललेच नाहीत.

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले आणि माझं तोंड सुटलं. मग मी नवऱ्याला जे बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. "इतके दिवस तोंड कुठी ठेवलं होतं? मी वाघीन होऊन बोलाव आन् तुमी त्याचं मांजर करून सांगाव! पाहू म्हणते, पुसते म्हणते! आजच सुचलं हे?"

तो हौद्याच्या काठावर बसलेला, गळ्यात माझ्या दोऱ्यांची वेटोळी. शांतपणे म्हणाला, "आज तू काईच सांगतलं नाई. म्हणून माह्या मनानं केलं."

मी खाली बसले आणि तट्टे गोळा करायला लागले. एकाची कड तुटली होती, बाकीचे ठीक होते.

"उद्या बुधवार हाय," तो वरून म्हणाला. "आत्ताच बांधून घे. आन् तो पदर सुलटा घेजो." मग कंबरेवर हात ठेवून, "मले उतरता नाई येऊन राह्यलं."

चढताना कंबरेचा विचार केला नव्हता, आता ती अडकली होती. त्याला खाली घ्यायला मलाच खांदा द्यावा लागणार होता. पण मी अजून रागात होते. म्हणून आधी चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत त्याला तिथंच बसू दिलं.